पाळकसाहेब, आधी प्रश्न लिहा. पदवीचं मग बघू

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक मुंबईच्या एका उपनगरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाळक, म्हणजे पास्टर आहेत. वय ४४. पुण्यात बी.डी. (ईशज्ञानाची, म्हणजे थिऑलॉजीची पदवी) केलं, दीक्षा होऊन सोळा वर्षं झाली. मंडळीत सव्वाशे घरं. संदेश (उपासनेतली प्रवचनं) तेच तेच होत चाललेत, हे त्यांना स्वतःलाच जाणवतं. तरुण संघातली मुलं यूट्यूबवर ऐकलेले प्रश्न घेऊन येतात, तेव्हा ते विषय बदलतात. गेल्या वर्षी मंडळीतल्या एका तरुणाने आत्महत्या केली. त्या घरी त्यांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन (देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, या अर्थाचं) वाचलं आणि मुलाचे वडील उठून आत गेले. तेव्हापासून पुन्हा शिकायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं आहे. व्हॉट्सअपवर एक जाहिरात आली आहे: तीन महिन्यांत ऑनलाइन ‘डॉक्टरेट’, ४५ हजार रुपये, हॉटेलात पदवीदान. दुसरा मार्ग दोन वर्षं सेमिनरीत (पाळकांना घडवणाऱ्या महाविद्यालयात) राहून एम.टीएच. ही त्यापुढची पदवी करण्याचा. पण पत्नी मुंबईत नर्स आहेत, मुलगी दहावीला आहे. कमिटीतले वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, म्हणतात, ‘तुम्ही शिकलेलेच आहात, आता आणखी काय?’ काय करावं, असं ते विचारतात.

सलाम पाळकसाहेब,

तुमच्या पत्रात मला तीन वेगवेगळ्या अडचणी दिसतात. दुःखात असलेल्या माणसासमोर काय बोलावं ते सुचत नाही, ही पहिली. मुलांच्या प्रश्नांना उत्तर नाही, ही दुसरी. संदेशाची विहीर आटली आहे, ही तिसरी. या तिन्हींवर एकाच पदवीचा उतारा चालेल, असं तुम्ही धरून चाललात आणि म्हणून ‘डॉक्टरेट की एम.टीएच.’ या पेचात अडकलात. मला वाटतं पेच तिथे नाहीच. तिन्ही गोष्टी शिकता येतात, मुंबईत राहून शिकता येतात, आणि प्रत्येकीची शिकण्याची रीत वेगळी आहे.

आधी ती जाहिरात निकालात काढू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यातलं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. त्या यादीत नावात ‘बायबल’ आणि ‘ख्रिस्त’ असलेल्या संस्थाही आहेत, तेव्हा नाव पवित्र आहे म्हणून विश्वास टाकू नका. तुमची बी.डी. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची (ईशज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या मंडळाची) असेल, तर तिच्यामागे १८२७ची डॅनिश राजाची सनद आणि १९१८चा सेरामपूर कॉलेज कायदा आहे. जाहिरातवाल्यांना तीन गोष्टी लेखी विचारा: पदवी कोणत्या कायद्याखाली देता? माझा प्रबंध कोण वाचणार, त्यांचं नाव आणि शिक्षण काय? मागच्या वर्षीचा एखादा प्रबंध वाचायला मिळेल का? तीन महिन्यांच्या डॉक्टरेटवाल्यांकडून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येणार नाही. ‘मानद आहे’ असं म्हणाले, तर मानद पदवीला फी कशी, एवढंच विचारा. सन्मान म्हणून दिलेली डी.डी. (डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी) ही गोष्टच वेगळी, तिचे पैसे कुणी घेत नाही.

इथे एक बारकावा सांगतो, कारण पुष्कळ पाळकांचा त्यात घोटाळा होतो. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारख्या संघटनांची मान्यता ही ईशज्ञान शिकवणाऱ्या संस्थांनी एकमेकांच्या अभ्यासक्रमाची केलेली तपासणी असते. तिला चर्चच्या जगात मोल आहे आणि तिथे मनापासून शिकवणारे लोक आहेत. पण ती सरकारमान्य पदवी नव्हे. पुढे शाळा-कॉलेजात नोकरी किंवा विद्यापीठात पीएच.डी. करायचा विचार असेल, तर हा फरक आजच लक्षात घ्या.

एम.टीएच.बद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला सेमिनरीत शिकवायचं असेल तर जरूर करा, नसेल तर आत्ता नको. एम.टीएच. एका शाखेची असते. जुना करार घेतलात तर दोन वर्षं जुना करार. वडील उठून आत गेले, त्या क्षणी काय करायचं, हे जुन्या कराराच्या प्रबंधातून येत नाही. शिवाय पत्नीची नोकरी आणि मुलीची दहावी या अडचणी तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारख्या लिहिल्या आहेत. कुटुंबाची घडी न मोडता शिकायचं, हा शिक्षण निवडण्याचा रास्त निकष आहे. पुढे कधी पदवी हवीच वाटली, तर सेवेत असलेल्या पाळकांसाठी सेरामपूर सिनेटचा डी.मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) अभ्यासक्रम आहे. त्यात आपल्याच सेवेतला प्रश्न घेऊन संशोधन करायचं असतं. पण प्रश्न हातात नसताना त्याला नाव नोंदवणारे विषय निवडण्यातच अडकून पडतात. म्हणून आधी दोन वर्षं खाली सांगतो ती कामं करा, प्रश्न आपोआप हाती येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, त्या घरातलं. तुम्ही वाचलेलं वचन खोटं नव्हतं, त्याची वेळ चुकली. ते का चुकलं हे शिकवणारी एक शिस्त आहे, क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन. अमेरिकेत १९२५ साली अँटन बॉइसन यांनी मनोरुग्णालयात सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना नेऊन ती सुरू केली. तिथे आज एका युनिटला (प्रशिक्षणाच्या एका टप्प्याला) किमान ४०० तास लागतात, त्यात वॉर्डातल्या भेटी आणि गटातली चर्चा दोन्ही धरलेलं असतं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे प्रशिक्षण मिळतं. ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडियामध्ये रुग्णालयातल्या पाळकांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथेही चौकशी करा. वेल्लोरला जाणं शक्य असेल तर जा, त्यासाठी लागणारे आठवडे सार्थकी लागतील. शक्य नसेल, तर या शिस्तीचं मुख्य हत्यार, म्हणजे शब्दशः नोंद, इथेही वापरता येतं.

भेट संपल्यावर, त्याच दिवशी, झालेलं बोलणं आठवेल तसं ओळीओळीने लिहून काढायचं. सुधारायचं नाही. समजा, केईएमच्या वॉर्डात एका मावशींना भेटून आल्यावर अशी नोंद झाली:

पाळक १: आता बरं वाटतंय ना मावशी?
मावशी १: बरं काय… रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घरचं कुणी फिरकलं नाही.
पाळक २: प्रभू सोबत आहे. चिंता करू नका. प्रार्थना करू या.
मावशी २: करा.

पहिल्या ओळीत प्रश्नाच्या पोटातच उत्तर घातलं आहे. ‘बरं वाटतंय ना’ म्हटल्यावर माणसाने ‘हो’ म्हणायचं असतं. मावशींनी तरी दार उघडलं: घरचं कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या ओळीत पाळकाने ते ऐकलंच नाही, सरळ प्रार्थनेकडे गेला. ही प्रार्थना मावशींसाठी होती की वॉर्डातून निघण्यासाठी? आणि मावशींच्या त्या एका शब्दात, ‘करा’मध्ये, दार बंद झालं. पाळक २च्या जागी ‘कुणाची वाट बघताय?’ एवढं विचारलं असतं, तर पुढची दहा मिनिटं वेगळी झाली असती. प्रार्थना त्यानंतर करायचीच, आणि त्यात त्या न फिरकलेल्या माणसाचं नाव आलं असतं.

नोंदीखाली तीन परिच्छेद लिहा: भेटीआधी माझ्या मनात काय चाललं होतं, कुठल्या ओळीला मी गडबडलो, आणि या भेटीत देवाविषयी मी न बोलता काय सांगून आलो. नाव, वय, हॉस्पिटल बदला. चर्चेनंतर कागद फाडून टाका, फोनवर फोटो काढून ठेवू नका.

हे एकट्याने केलं तर दोन-तीन नोंदींत कंटाळा येतो, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. पाच-सहा पाळकांचा गट करा. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी असे मिसळलेले असले तर उत्तम. बदल्यांचं आणि डायोसीसच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) राजकारणाचं बोलणं तितकंच कमी होतं. महिन्यातून एकदा, दादरला, कारण वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्हीकडच्यांना ते सोयीचं. मंगळवारी साडेदहा ते एक. सोमवार हा विसाव्याचा दिवस असेल तर तो यात खर्च करू नका. एका बैठकीत एकाचीच नोंद. दहा मिनिटं वाचन, मग वीस मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. नंतर नोंद लिहिणारा गप्प बसतो आणि इतर पाऊण तास त्याच्यासमोर चर्चा करतात. शेवटची पंधरा मिनिटं त्याची. असे गट मोडतात ते सल्ल्यांमुळे: पहिल्याच बैठकीत एखादे ज्येष्ठ ‘मी असतो तर’ म्हणून सुरू झाले की दुसऱ्या महिन्यात कुणी खरी नोंद आणत नाही. म्हणून वेळ पाहणारा एक जण दर वेळी नेमा, आणि शक्य झालं तर तीन महिन्यांतून एकदा प्रशिक्षित समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ बोलवा, त्यांचं मानधन सगळ्यांनी वाटून घ्या.

आत्महत्येबाबत मात्र गटाची वाट पाहू नका. एवढं आजच शिकून घ्या. अशा घरी कारण शोधायचं नाही, देवाची योजना समजावायची नाही. गेलेल्या मुलाचं नाव घ्यायचं, बसायचं, आणि पहिला आठवडा सरल्यावर सगळे पांगतात तेव्हा पुन्हा जायचं. मागे राहिलेल्या भावंडांकडे, मित्रांकडे लक्ष ठेवायचं. मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारलं म्हणजे तो विचार डोक्यात भरला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे पोचवायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि रात्री-अपरात्री लागतो. तो मंडळीच्या फलकावर लावा. प्रयत्न फसलेल्या माणसाच्या घरचे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात जात नाहीत. त्यांना सांगा की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरतं, गुन्हेगार म्हणून नव्हे. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं नाही. कुणाला कुठे आणि किती लवकर पाठवायचं, हे पक्कं माहीत असलेला पाळक व्हायचं आहे.

मुलांच्या प्रश्नांकडे वळू. विषय बदलू नका, एवढी एकच सवय आधी लावा. ‘मला आत्ता सांगता येत नाही, पंधरा दिवसांनी यावर बसू’ असं म्हणा, वहीत लिहा आणि पंधरा दिवसांनी खरंच बसा. मुलं ज्या व्हिडिओंतून प्रश्न आणतात, त्यांच्यामागे बायबलच्या ऐतिहासिक अभ्यासाची शंभर-दोनशे वर्षांची परंपरा आहे. ती मुळातून समजून घ्यायला येल विद्यापीठाच्या दोन मोफत व्याख्यानमाला ऑनलाइन आहेत: हिब्रू बायबलवर क्रिस्टीन हेज यांची २४ व्याख्यानं, नव्या करारावर डेल मार्टिन यांची २६. ही वर्गातली इतिहासाची मांडणी आहे, मंडळीतली शिकवण नव्हे. काही ठिकाणी तुम्हाला धक्का बसेल, काही ठिकाणी तुम्ही असहमत व्हाल. व्हायलाच हवं. पण मुलगा काय ऐकून आला आहे हे तरी कळेल. आठवड्याला एकच व्याख्यान, आणि ऐकून झाल्यावर एक पान टिपण मराठीत. हे मराठी टिपण सोडू नका. इंग्रजीत ऐकलेलं इंग्रजीतच राहिलं, तर रविवारी व्यासपीठावर उभं राहिल्यावर त्यातलं काही जिभेवर येत नाही.

संदेश आटण्याचं कारण बहुतेक वेळा सोपं असतं: शनिवारी रात्री तयारी. गटातल्या दोघांशी बोलून तीन वर्षांच्या वाचनक्रमावर (कुठल्या रविवारी कुठला उतारा, हे ठरवून देणाऱ्या यादीवर) एकत्र काम करा. उतारा मंगळवारपर्यंत वाचायचा, बुधवारी फोनवर वीस मिनिटं बोलायचं, संदेश प्रत्येकाने आपापला लिहायचा. बी.डी.ला शिकलेली ग्रीक गंजली असेल, तर तिला उजाळा द्या. नव्या करारात पन्नासपेक्षा जास्त वेळा येणारे शब्द सुमारे ३१० आहेत आणि नुसत्या तेवढ्या शब्दांनी मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग व्यापला जातो. रोज पाच शब्द, दोन महिने. लोकलमध्ये जागा मिळाली तर तिथेही होतं. व्यासपीठावरून ग्रीक शब्द ऐकवण्याचा मोह मात्र टाळा. तो अभ्यास स्वयंपाकघरात राहू द्या, पानात फक्त वाढा. महिन्यातून एकदा सकाळची इंटरसिटी पकडून पुण्याला जा. युनियन बिब्लिकल सेमिनरी किंवा युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र, तुमची जिथली असेल तिथल्या ग्रंथालयात माजी विद्यार्थ्यांना बसायची, पुस्तकं न्यायची काय सोय आहे ते पत्राने विचारा. रात्री घरी परतता येतं.

तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण बहुतेक पाळकांची असते अशी एक उणीव: कायदा. चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. वर्षानुवर्षं तो राहून गेलेल्या मंडळ्या पुढे मालमत्तेच्या वादात सापडतात. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे विवाहविधीची सर्वसाधारण वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात आहे, आणि मुंबईत वरात ट्रॅफिकमध्ये अडकली की पाळकाची परीक्षा होते. शब्बाथ शाळेतल्या (चर्चच्या मुलांच्या वर्गातल्या) मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ म्हणून न कळवणं हा स्वतःच गुन्हा ठरतो. एखाद्या वकिलाला आणि सीएला बोलावून कमिटीसह एक शनिवार यासाठी द्या. कमिटीला शिक्षणाची गोडी लागायला याहून चांगली सुरुवात नाही, कारण यात त्यांच्याही सह्या अडकलेल्या असतात.

आता कमिटीतल्या वडिलांच्या प्रश्नाबद्दल. त्यांना शिक्षण नको आहे, असं मला वाटत नाही. पाळक शिकायला गेला की उपासना कोण घेणार, आणि शिकून आला की आपल्याला सोडून मोठ्या मंडळीत जाणार का, ही भीती त्यामागे असते. तिला उत्तर द्या. कमिटीपुढे रजेचा अर्ज ठेवू नका, एक पानाची योजना ठेवा: काय शिकणार, आठवड्याला किती तास (पाच-सहा पुरेत), कुठल्या महिन्यांत, खर्च किती, आणि मंडळीला काय मिळणार. जून ते ऑक्टोबर हा काळ धरा. नोव्हेंबरपासून आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे आठवडे), नाताळ, वर्षअखेरच्या सभा यांत काहीही टिकत नाही, आणि उपवासकाळातही (ईस्टरआधीच्या दिवसांतही) नवं काही सुरू करू नका. खर्चाला बारा-पंधरा हजार रुपये मागा. पुस्तकं, पुण्याचा प्रवास, गटात येणाऱ्या समुपदेशकाचं मानधन यात बसतं. परदेशातून कुणी मदत देऊ केली, तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसताना ती चर्चच्या खात्यावर घेऊ नका. बिशपसाहेबांना पत्राची प्रत द्या आणि अभ्यासरजेचे नियम डायोसीसच्या सेक्रेटरींकडून लेखी मागवा. वेल्लोरसारख्या ठिकाणी जायचं ठरलं तर ते लागतीलच.

आणि महिन्यातला एक संदेश कमिटीतल्या वडिलांपैकी कुणाला तरी द्यायला लावा. त्यांनाही शिकण्याची सोय आहे. १९६३मध्ये ग्वाटेमालात सुरू झालेली विस्तार-पद्धत आपल्याकडे १९७१पासून बंगळूरची टाफ्टी ही संस्था चालवते: घरी अभ्यास, सेवेत सराव, आणि ठरावीक दिवशी शिक्षकासोबत गटात चर्चा. अभ्यासक्रम भारतीय भाषांतही आहेत. मराठीतले सध्या कोणते चालू आहेत ते विचारून घ्या. मंडळीतल्या पदवीधरांसाठी सेरामपूरचा बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) आहे, नोकरी सांभाळून करता येतो. हे सदर वाचणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंना वेगळं सांगायला नको: १९८३च्या धर्मसंहितेतला २७९वा नियम दीक्षेनंतरही अभ्यास चालू ठेवायला सांगतो, आणि गोरेगावचं सेंट पायस किंवा पुण्याचं ज्ञानदीप या ईशज्ञान शिकवणाऱ्या संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. तरी नोंदवाचनाचा गट त्यांनाही उपयोगी पडेल, एकाच पॅरिशमधले दोघे त्यात नसले म्हणजे झालं.

बदलीचं काय, हा प्रश्न राहतो. पाच वर्षांत बदली होणार हे धरून चाला आणि म्हणून शिक्षण मंडळीशी न बांधता स्वतःशी बांधा: गट दादरला, वही तुमची, ग्रंथालयाचं कार्ड तुमच्या नावावर. वकिलाच्या त्या शनिवारची टिपणं आणि हेल्पलाइनचा फलक मात्र मंडळीच्या दप्तरात ठेवून जा, नव्या पाळकाच्या हातात द्या. जाहिरातवाल्यांना आगाऊ रक्कम दिली असेल, तर ती परत मागणारा मेल आजच पाठवा, पावतीचा फोटो जोडून.